जावईबापूंची जागा

सरळ उभे राहा, मित्रांनो, आणि माझ्या काचेला बोटे लावू नका. मी एक जुनी खेळाची पेटी आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, एवढे आधी ध्यानात घ्या आणि मग ऐका. माझी उंची चांगल्या थोराड पुरुषाएवढी आहे, पाठ सरळ आहे, छातीशी एक काळी दांडी आणि तिच्या शेजारी एक लाल बटण आहे. वर काचेचा पडदा आहे. पोटात खेळ मात्र एकच. हल्ली म्हणे खिशात मावणाऱ्या यंत्रांत शेकडो खेळ असतात. असोत बापडे. मला एकच येतो आणि तो मला नीट येतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझे अंग घडवणारा सुतार चिकाटीचा माणूस होता. रंधा मारून झाला की तो डोळे मिटून माझ्या कडेवरून तळहात फिरवी, आणि कुठे खरखर लागली की पुन्हा रंधा उचली. माझ्या पोटातल्या तारा जोडणाऱ्या बाई वयाने मोठ्या होत्या. डाख देताना त्या श्वास रोखून धरत आणि मग शेजारणीशी मनसोक्त बोलत. मला पहिल्यांदा वीज दिली आणि पडदा उजळला, तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "बघ, माझ्या सुनेला दहादा सांगावं लागतं. हिला एकदा सांगितलं, कळलं." त्या सुनेची बाजू मला ठाऊक नाही, पण माझ्याबद्दल त्या बोलल्या ते खरे होते.

माझी पहिली नेमणूक एका चित्रपटगृहाच्या दालनात झाली. मध्यंतराची घंटा वाजली तरी लोक माझ्यापासून हलत नसत. पडद्यावर नायक काय करतो आहे याची चिंता सोडून, टाय बांधलेले गृहस्थ माझ्यापुढे जीभ दातांत धरून उभे राहत. त्यांच्या बायका मागून कोट ओढत. मला त्याचे नवल वाटत नसे. चांगल्या गोष्टीपुढे माणसाने उभे राहावेच.

पुढे ते चित्रपटगृह बंद झाले. मला जिन्याखालच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी ठेवण्यात आले. माझ्यावर धूळ बसली, एका कोळ्याने माझ्या दांडीपासून भिंतीपर्यंत संसार थाटला. मी रडले नाही. रडण्याने तारा गंजतात.

मग एके सकाळी दार उघडले आणि मुकादम आत आले. घरेदारे, दुकाने, दवाखाने यांचे सामान एका जागेहून दुसऱ्या जागी हलवायचे, हा त्यांचा व्यवसाय. खुर्च्या नेण्यासाठी आलेला हा रुंद खांद्यांचा माणूस माझ्यापुढे थांबला, त्याने बाहीने माझी काच पुसली आणि विचारले, "हिला कुठं न्यायचंय?" कोणी तरी म्हणाले, "कुठं नाही. ती टाकायचीय." मुकादम म्हणाले, "मग ती आमच्याकडे येते." मला न विचारता माझ्याबद्दल घेतलेला हा एकच निर्णय मी आजवर मान्य केला आहे.

अशी मी त्यांच्या शेडमध्ये आले. पत्र्याचे छप्पर, भिंतीला टांगलेले दोरखंड, घड्या घातलेल्या जाड ब्लँकेटांच्या थप्प्या, दारात उभा बंद बॉडीचा ट्रक. माझी नाण्याची फट मुकादमांनी चिकटपट्टीने बंद केली. "घरच्या माणसाला कुणी नाणं मागतं का?" असे ते म्हणाले.

आता खेळ समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. माझ्या पडद्यावर एक उभी विहीर आहे. दहा घरे रुंद, वीस घरे खोल. वरून एकेक तुकडा खाली येत राहतो. प्रत्येक तुकडा चार चौकोनांचा असतो. पण चार चौकोन एकमेकांना जोडण्याच्या सात तऱ्हा आहेत, म्हणून तुकडेही सात प्रकारचे. दांडी डावी-उजवीकडे केली की तुकडा सरकतो, बटण दाबले की वळतो, दांडी खाली ओढली की भरकन उतरतो. आडवी ओळ एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत भरली, मध्ये एकही भोक उरले नाही, की ती ओळ नाहीशी होते आणि तिच्यावरचे सगळे एक घर खाली येते. भोक राहिले तर ओळ अडून बसते, तिच्या डोक्यावर दुसरी चढते आणि ढीग वाढत जातो. ढीग विहिरीच्या तोंडाशी आला की डाव संपला. माझ्याकडे जिंकणे नाही, टिकणे आहे. आणि जो टिकतो त्याच्यासाठी मी वेग वाढवत नेते, कारण लाड करणे माझ्या स्वभावात नाही.

शेडमधल्या मंडळींनी माझ्या सात तुकड्यांना नावे ठेवली. माझ्या पोटात एक पूर्ण घर नांदते, असे त्यांचे म्हणणे. चौकोनी ठोकळा तो सासरेबुवा, कारण कितीही फिरवा, ते तसेच. एक डावीकडे आणि एक उजवीकडे पाय टाकून उभे असलेले दोन तुकडे, ते थोरले आणि धाकटे दीर. दोन नागमोडी तुकडे, ज्यांची तोंडे कधी एका दिशेला होत नाहीत, त्या दोघी जावा. मध्ये नाक पुढे आलेला तुकडा ती नणंद. कुठल्याही फटीत तिचे नाक बरोबर बसते. आणि लांब, सडसडीत, ताठ तुकडा, ज्याच्यासाठी सगळे जागा राखून ठेवतात आणि जो आपल्या मर्जीने उगवतो, ते जावईबापू. मला स्वतःला ते सासूबाई म्हणत. सन्मान योग्य होता.

जावईबापूंचे महत्त्व असे, की ते उभे उतरले तर एकदम चार ओळी नाहीशा करतात. एकेक करून चार ओळी नाहीशा केल्या तर आकडा थोडा वाढतो. चार एकदम केल्या तर पडदा झळकतो आणि आकडा उडी मारतो. म्हणून चतुर खेळाडू एका भिंतीलगत एक घर रुंदीची खोल गल्ली मोकळी ठेवतो. शेडमध्ये तिला म्हणत जावईबापूंची जागा.

मुकादमांचा एक नेम होता. ट्रकच्या हौद्यात आत उभे राहून कोणती वस्तू कुठे ठेवायची ते सांगणारा माणूस, त्याला रचणारा म्हणतात. रोज सकाळी सामान भरायला जाण्याआधी रचणाऱ्याने माझ्याशी एक डाव खेळायचा आणि मगच कानामागे खडूचा तुकडा अडकवून ट्रकमध्ये चढायचे. त्या खडूने तो हौद्याच्या जमिनीवर खुणा करी. रचणारे अर्थात मुकादम स्वतः. त्यांच्या दोन्ही मुलांना, थोरल्याला आणि धाकटीला, खेळ त्यांनीच शिकवला. एकाला उजव्या हाताशी आणि एकीला डाव्या हाताशी उभे करून ते बोलत राहत.

"आधी वळव, मग सरकव. भिंतीला टेकल्यावर वळायला जागा राहत नाही."

"बाबा, हा टेकला! गेला माझा डाव!" धाकटी ओरडे.

"टेकला म्हणजे बसला नाही. बघ, क्षणभर थांबतो तो. तेवढ्यात सरकव. त्या कपारीखाली जाईल."

आणि तुकडा खरोखरच बाजूला सरकून वर झाकलेल्या भोकात जाऊन बसे. हे बारीक कसब आहे, मित्रांनो. वरून जिथे पोचता येत नाही, तिथे खालून आडवे सरकत पोचता येते. पुष्कळांना हे कधीच कळत नाही.

आणखी एक गोष्ट. माझ्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक लहान चौकट आहे. नंतर येणारा तुकडा तिच्यात आधीच दिसतो. मी कोणाला फसवत नाही. कोण येणार ते कळवूनच पाठवते. पाहायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मुले मोठी झाली. थोरला अंगाने बापासारखा, हाताने चपळ. तो विहीर उंच उंच भरत नेई, जावईबापूंची जागा कोरून ठेवी आणि ते आले की चार ओळी एकदम उडवून टाळी वाजवी. माझ्या पडद्यावरचा सर्वांत मोठा आकडा त्याचाच आहे. धाकटी एकेक, दोनदोन ओळी नाहीशा करी. तिचा डाव थोरल्याच्या डावापेक्षा लांबे, पण आकडा लहान राही. तिचे डोळे अर्धा वेळ कोपऱ्यातल्या चौकटीवर असत.

"पडतंय ते बघ की गं!" थोरला म्हणे.

"पडतंय ते पडतंयच. येणारं बघते."

कामावर थोरला जड सामान उचली. धाकटीकडे काचसामान होते. बशा, आरसे, दिवे कागदात गुंडाळायचे. ती गुंडाळी चोख. पण तिचे मन गुंडाळण्यात नव्हते. काम आटोपले की ती ट्रकच्या मागच्या दारात उभी राहून हौदा निरखत असे, आणि कुठे काय ठेवता आले असते ते बोटाने हवेत मांडत असे. दारातून मला ते सगळे दिसे.

त्याच काळात हाताहातांत फोन आले आणि माणसे माझ्याकडे पाठ करून बसू लागली. माझ्या डोक्यावर चहाचे रिकामे ग्लास ठेवले जाऊ लागले, कोणी तर माझ्या दांडीला ओला टॉवेल वाळत घातला. मी ते लक्षात ठेवले आहे. नाव सांगत नाही, पण त्याचे टोपणनाव पहिलवान होते आणि तो काडीसारखा होता.

मग मुकादमांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी ट्रकवर चढायला साफ मनाई केली. त्या दिवशी चहाच्या वेळी धाकटी माझ्यापुढून हलली नाही. दांडी हातात तशीच धरून ती म्हणाली, "बाबा, आता आत मी उभी राहते."

शेडमध्ये चमच्यांचा आवाज थांबला.

"तू काचसामान बघ," मुकादम म्हणाले. "तुझ्यासारखं कुणी गुंडाळत नाही."

"मी कितीही गुंडाळलं तरी, तुमची पाठ वळली की ठेवतो दादा. आणि ठेवतो कुठं, तर लोखंडी पेटाऱ्याखाली."

"एकदाच झालं ते!" थोरला उसळला.

"त्या बाईंच्या बशाही एकदाच फुटल्या."

ट्रक चालवणारे मामा चहात ठसकले. मुकादम हसले नाहीत. ते म्हणाले, "तुला रचता येतं, ते मला दिसतं. पण पाठीवर कपाट घेऊन उभा असलेला माणूस कुणाचं ऐकतो? ज्याचं ऐकायची त्याला सवय आहे, त्याचं. आत उभं राहणाऱ्याचा शब्द पडता कामा नये. ही माणसं तुझं ऐकतील?"

धाकटीने पहिलवानाकडे पाहिले. पहिलवानाने स्वतःच्या चपलांकडे पाहिले.

"सांगून तर बघू दे," ती म्हणाली.

"बघू," मुकादम म्हणाले. वडीलधाऱ्यांचा 'बघू' म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. धाकटीने त्यानंतर एक डाव खेळला. इतका शांत डाव मी क्वचित पाहिला आहे.

थोड्याच दिवसांत आम्हालाच जागा सोडावी लागली. शेडच्या मालकाने ती एका फरशीवाल्याला दिली. आमची नवी जागा घाटापलीकडच्या गावात होती. दुसऱ्या खेपेसाठी परत येण्यासारखे अंतर नव्हते. मुकादमांनी मागाहून घेतलेला दुसरा ट्रक आधीच एका गिऱ्हाइकाच्या कामावर गेलेला. जे न्यायचे ते एकाच गाडीत, आणि सूर्य मावळण्याच्या आत. मुकादम सकाळी सर्वांसमोर म्हणाले, "आयुष्यभर लोकांची घरं हलवली, आज आपलं हलतंय. आज थोरला आत उभा राहील. नीट झालं तर पुढंही तोच." आणि स्वतःचा खडू त्यांनी थोरल्याच्या कानामागे अडकवला.

धाकटीने कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. ती चहाचे ग्लास गुंडाळू लागली. एकेका ग्लासाला तिने एवढा कागद लावला, की ग्लासाचे नारळ झाले.

थोरल्याने नेमाप्रमाणे माझ्याशी डाव मांडला. सुरेख खेळला, मी नाकारणार नाही. जावईबापू आले, चार ओळी गेल्या, मंडळींनी शिट्ट्या मारल्या. कोणी तरी म्हणाले, "सासूबाईंना शेवटी नेऊ. चहाला अजून एकेक डाव होईल." सर्वांना ते पटले. मलाही पटले, शेवटी निघण्यात एक रुबाब असतो.

थोरला ट्रकमध्ये चढला. मी दारासमोरच उभी होते, हौदा मला शेवटच्या टोकापर्यंत दिसत होता. त्याने अगदी आतल्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात खडूने चौकोन काढला. "इथं सासूबाई. एक भिंत मागं, एक भिंत उजवीकडं. वळणावर पडायची भीती नाही."

"मग आत्ताच ठेव ना तिला," खालून धाकटी म्हणाली.

"नणंदबाई, नाक आत घालू नका," थोरला म्हणाला आणि सगळे हसले. जावईबापूंच्या जागी सासूबाईंना बसवायचे, हेच मुळात मला पटले नव्हते. पण मला विचारतो कोण?

त्याने रचायला सुरुवात केली. मध्ये लाकडी कपाटे, त्यांच्या पोटात ब्लँकेटे, कपाटांवर खुर्च्या एकमेकींच्या मांडीत बसवलेल्या, दारापाशी डावीकडे गाद्यांची थप्पी. दुपारी चहा झाला, एकेक डाव झाला, आणि थोरल्याचा हात आणखी भरभर चालू लागला. उजव्या भिंतीलगत, खडूच्या चौकोनाच्या पुढे, दोरखंडांचे लांब लोखंडी कपाट आडवे. ते थेट दारापर्यंत आले. त्यावर दोन खोकी. कुठे बोट घालायला फट नाही. माझ्या पडद्यावर असती तर प्रत्येक ओळ नाहीशी झाली असती, इतके ते काटेकोर काम होते.

मग माझी वायर काढण्यात आली. मला ब्लँकेटांत गुंडाळून, दोर आवळून, ढकलगाडीवरून ट्रकला टेकवलेल्या चढाच्या फळीपाशी आणले. ब्लँकेटाच्या फटीतून मला अजून दिसत होते. थोरला भरलेल्या सामानावर पालथा पडून, छताला डोके घासत, आत सरपटत गेला. त्याने खाली डोकावून पाहिले आणि आनंदाने ओरडला, "जागा अगदी मापात आहे! आणा!"

"कुठून?" पहिलवानाने विचारले.

"कुठून म्हणजे? वरून मोकळी आहे की!"

"वरून मोकळी आहे, हो. पण वरून सोडणार कसं? छत कापू का?"

मामा म्हणाले, "सासूबाईंना पंख लावा."

कोणी हसले नाही. मित्रांनो, चूक तुमच्या ध्यानात आली असेल. माझ्या विहिरीला वर तोंड आहे, ट्रकला वर छत आहे. माझ्याकडे तुकडा आकाशातून येतो, ट्रकमध्ये तो दारातून येतो. वर्षानुवर्षे माझ्यापुढे उभा राहिलेला माणूसच ही चूक करू शकतो. दुसऱ्या कोणाला ती सुचणारही नाही.

गल्लीत फरशीवाल्याची गाडी येऊन उभी राहिली होती. तिचा भोंगा वाजला. फरशीवाला खाली उतरला आणि मुकादमांना म्हणाला, "काका, उजेड आहे तोवर मला माल आत घ्यायचाय. फरशी अंधारात उतरवत नाहीत." त्याचे बरोबर होते. सगळे उतरवून पुन्हा भरायला वेळ नव्हता.

सामानावरूनच थोरला म्हणाला, "राहू दे मग तिला. जुनीच तर आहे. भंगारवाला नेईल. तिकडं नवी घेऊ."

मी घाबरले असेन असे तुम्हाला वाटत असेल. अजिबात नाही. जी जिन्याखालून बाहेर आली ती फळीपाशी अडकणार नाही, हे मला ठाऊक होते. मी फक्त धाकटीकडे पाहत होते.

तिने हातातला कागद खाली ठेवला, पदर खोचला आणि फळीवरून ट्रकच्या दारात चढली. तिने कोणाला विचारले नाही. जिथे सगळे वर पाहत होते, तिथे ती खाली वाकली आणि लोखंडी कपाटाला तळहाताने ढकलून पाहिले. ते केसभर हलले.

"टेकलंय," ती म्हणाली, "बसलेलं नाही."

"काय?"

"दादा, मोकळी जागा आत आहे, आपल्याला दारापाशी हवी आहे. हे कपाट भिंतीच्या कडेनं आत सरकव, तुझ्या चौकोनात जाईल. त्याची जागा इथं मोकळी होईल. सासूबाई दारापाशी उभ्या राहतील."

थोरल्याने खालच्या चौकोनाकडे आणि मग दाराकडे पाहिले. हिशेब त्याच्याही डोक्यात बसला असावा, पण कबूल करायला तोंड उघडावे लागते.

"पहिलवान, वरची दोन खोकी उतरव. मामा, तुम्ही कपाटाचं हे टोक उचलून धरा, मी खाली ब्लँकेट सरकवते, म्हणजे घसरेल. दादा, तू वर आहेस तिथूनच दोर सोड, पुढच्या टोकाला फास टाक आणि ओढ."

पहिलवान पुढे झाला आणि थांबला. सवयीने त्याची मान मुकादमांकडे वळली. मुकादम एका उलट्या खोक्यावर गुडघा लांब करून बसले होते.

"मुकादम, काय करू?"

मुकादमांनी ट्रकच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे पाहिले. तिने मात्र त्यांच्याकडे पाहिले नाही. तिचे डोळे कपाटावर होते. पुढे काय येणार ते ती बघत होती.

"मला काय विचारतोस?" मुकादम म्हणाले. "आत कोण उभं आहे?"

पहिलवानाने मान परत वळवली. घसा खाकरला.

"धाकट्याताई, कुठलं खोकं आधी?"

"डावं. हलकं आहे ते."

त्यानंतर शेडमध्ये फक्त तिचाच आवाज होता. मामांनी टोक उचलले, ब्लँकेट खाली गेले, वरून दोराचा फास आला. "ओढ... थांब. भिंतीला घासतंय. मामा, बोटभर डावीकडं. आता ओढ!" कपाट कुरकुरत, भिंतीच्या कडेने, आडवे सरकत आत गेले, वरून जिथे पोचता येत नव्हते तिथे खालून पोचले. थोरल्याने कोरून ठेवलेल्या जागेत त्याचे निम्मे अंग जाऊन बसले, आणि दारापाशी तेवढीच जागा उघडी झाली.

"आता सासूबाई," ती म्हणाली. "फळीवरच वळवा, काच गाद्यांकडं. आत गेल्यावर वळायला जागा मिळणार नाही."

मला वळवले, उचलले, सरकवले. मी बसले. दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा उरली. धाकटीने खोकी पुन्हा चढवली, दोर आवळला, गाठ ओढून पाहिली.

तेवढ्यात आतून, छताखालून, दबका आवाज आला. "अरे, पण मी बाहेर कुठून येऊ?"

पहिलवान म्हणाला, "वरून मोकळी आहे की!"

मग मात्र सगळे हसले, फरशीवालासुद्धा हसला. थोरला माझ्या डोक्यावरून कोळ्यासारखा सरपटत बाहेर आला, केसांत छताची जळमटे घेऊन. खाली उतरल्यावर त्याने कपडे झटकले, घुटमळला, मग कानामागचा खडू काढून बहिणीपुढे धरला.

"घे. पण आकडा माझाच मोठा आहे, ते विसरू नकोस."

"राहू दे तुझाच मोठा," ती म्हणाली आणि खडू कानामागे अडकवला. "गाडीत ओळी नाहीशा होत नाहीत, दादा."

मुकादम काठी टेकत उठले. ट्रकपाशी येऊन त्यांनी माझ्याभोवतीचा दोर बोटाने ताणून पाहिला, जसा ते दर गाडीचा पाहत असत. दोर सैल नव्हता. ते पुढे जाऊन मामांच्या शेजारी बसले. आयुष्यात प्रथमच ते दुसऱ्या कोणी रचलेल्या गाडीत प्रवासी म्हणून बसले होते, आणि घाटाच्या एकाही वळणावर त्यांनी मागे वळून पाहिले नाही, असे मामा सांगतात.

नव्या जागी मी सर्वांत आधी उतरले, कारण मी दारापाशी होते. आजही मी दाराशेजारीच उभी आहे. रोज सकाळी धाकटी माझ्याशी एक डाव खेळते आणि मग ट्रकमध्ये चढते. थोरला आता दुसऱ्या ट्रकची माणसे सांभाळतो. येता-जाता त्याचा आकडा अजून वर आहे ना, ते पाहून जातो. आहे. मी कोणाचे खोटे दाखवत नाही. मुकादम खुर्ची टाकून माझ्याशेजारी बसतात आणि नव्या मुलांना सांगतात, "आधी वळव, मग सरकव."

तर मित्रांनो, माझी विनंती ऐका. विनंती म्हणते आहे, पण ती पाळायची असते. माझी काच कोरड्या, मऊ फडक्याने पुसा. बटणावर बुक्क्या मारू नका, बोट पुरते. माझ्या डोक्यावर चहाचा ग्लास ठेवू नका आणि दांडीला टॉवेल वाळत घालू नका. आणि घर हलवताना एखाद्या जुन्या वस्तूला, किंवा घरातल्या एखाद्या माणसाला, 'तुझ्यासाठी जागा नाही' असे घाईने म्हणू नका. माझ्यासाठीही त्या दिवशी जागा नाही असेच म्हणत होते. जागा होती. ती फक्त दारापाशी आणावी लागली.

आता या, एकेकाने. खांदे खाली, हात सैल, दांडी हळू धरा. पहिला तुकडा येतो आहे, तो सगळ्यांनाच दिसतो. तुम्ही कोपऱ्यात पाहा.